तिसरीचा वर्ग बघू द्याल का?

"पहिलीचा वर्ग इकडं आहे," असं म्हणून मुख्याध्यापक बाई व्हरांड्यातून चालायला लागल्या. मी जागेवरच थांबले.

"बाई, पहिलीचा नको. तिसरीचा वर्ग बघू द्याल का?"

त्यांनी माझ्याकडं बघितलं, मग माझं बोट धरून उभ्या असलेल्या लेकीकडं. ती तिसरीतली दिसत नव्हतीच. येत्या नोव्हेंबरात सहा वर्षं पूर्ण होतील, म्हणजे ३१ डिसेंबरच्या अटीत बसते, यंदा पहिलीला.

"प्रवेश हिलाच घ्यायचाय ना?"

"हिलाच."

"मग तिसरी कशाला बघताय?"

मार्च-एप्रिलमध्ये मी विट्यातल्या दोन आणि विट्याबाहेरची एक अशा तीन सरकारी शाळा बघितल्या. तिन्ही ठिकाणी हाच प्रश्न आला. पुढं ओळखीतल्या चार-पाच जणी विचारायला लागल्या की तू नक्की बघितलंस तरी काय, म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे. शाळांची नावं लिहीत नाही. मी प्रत्येक शाळेत जेमतेम एक-दोन दिवस बसले. तेवढ्यावर कुणाच्या वर्षभराच्या कष्टाला नावानिशी बरंवाईट म्हणणं मला पटत नाही.

तिसरी का, ते आधी सांगते.

माझं माहेर खटाव तालुक्यातलं. धाकटा भाऊ माझ्याहून चार वर्षांनी लहान. आमच्या घरात सगळ्यांत सुंदर अक्षर त्याचं. फळ्यावर बाईंनी लिहिलेलं तो असं उतरवायचा की वेलांटीचा बाक आणि उकाराचा गोलसुद्धा तसाच यायचा. वह्यांवर लाल पेनानं 'छान', 'सुंदर' असे शेरे. दरवर्षी वरच्या वर्गात जायचा. तो सातवीत असताना एका दुपारी आईला अचानक वडूजच्या दवाखान्यात न्यावं लागलं. मी त्याच्यासाठी चुलीजवळच्या फळीवर चिठ्ठी ठेवली : आईला दवाखान्यात नेतोय, काकींकडं जेव, म्हशीला पाणी दाखव. रात्री आम्ही परत आलो तर हा उंबऱ्यावर बसलेला. उपाशी. चिठ्ठी मुठीत चुरगाळलेली. म्हैस तहानेनं दावं ओढून ओढून बेजार. दुपारपासून तो ती चिठ्ठी हातात धरून बसला होता आणि आई गेली असं काहीतरी तिच्यात लिहिलंय, अशी त्यानं समजूत करून घेतली होती. काकींना जाऊन विचारायचं तर सातवीतल्या पोराला वाचता येत नाही हे कळेल, म्हणून तिथंही गेला नव्हता.

सात वर्षं तो शाळेत रोज गेला होता. हजेरी पूर्ण, वह्या पूर्ण. त्याला वाचता येत नाही हे शाळेत कुणाला कळलं नाही आणि आम्हा घरच्यांनाही कळलं नाही. आज तो टेम्पो चालवतो, संसार नेटका करतो. मला अजून एकही लिहिलेला मेसेज त्याच्याकडून आलेला नाही. बोलून पाठवतो.

म्हणून मला पहिलीचा वर्ग बघायचा नव्हता. पहिलीचा वर्ग कुठल्याही शाळेत गोडच दिसतो. रंगीत भिंती, फुगे, गाणी म्हणणारी पोरं. वाचायला न येणं तिथं चालून जातं, कारण अजून कुणालाच येत नसतं. तिसरी संपली की मात्र मुलाला वाचता येतं असं धरून पुस्तकं पुढं निघतात. चौथीचं गणितातलं शाब्दिक उदाहरण घ्या, परिसर अभ्यासातला धडा घ्या, सगळं आधी वाचायचं आणि मग समजून घ्यायचं. जे पोर तिसरीत मागं राहिलं ते तिथून दरवर्षी आणखी मागं पडत जातं. ५ जुलै २०२१ला केंद्रानं 'निपुण भारत' सुरू केलं, त्याचं लक्ष्य तिसरीच ठेवलंय : तिसरीच्या शेवटी मुलानं समजून, मिनिटाला किमान ६० शब्द वाचावेत आणि ९९९९पर्यंतच्या संख्या वाचता-लिहिता याव्यात. तिन्ही शाळांच्या ऑफिसात त्याचा तक्ता भिंतीवर होता.

मी घड्याळ लावून काही बसले नाही. घरून एक कागद नेला होता. 'प्रथम' ही संस्था २००५पासून 'असर' नावाची पाहणी करते. त्यात कार्यकर्ते गावोगाव घरी जाऊन मुलांपुढं आधी अक्षरं, मग शब्द, मग छोटा उतारा आणि शेवटी दुसरीच्या पातळीची गोष्ट ठेवतात. कॉलेजात असताना मीही त्या पाहणीला दोन दिवस गेले होते. तेव्हाच एक गोष्ट डोक्यात पक्की बसली की पुस्तकातलं पान द्यायचं नाही, ते पोरांना पाठ असतं. म्हणून माझ्या कागदावर मीच पाच ओळी मोठ्या अक्षरात लिहिल्या होत्या :

ढग आले. आजी धावत अंगणात आली. वाळत घातलेली डाळ तिनं उचलायला घेतली. तेवढ्यात शेळी दोरी तोडून पळाली. आजी म्हणाली, आधी डाळ की आधी शेळी?

वाचून झाल्यावर विचारायचं, तू असतास तर काय केलं असतंस? ज्याला खरंच समजलंय ते पोर ह्या प्रश्नावर भांडायलाच लागतं.

आम्ही विट्याला परत का आलो तेही सांगायला हवं. खानापूर-आटपाडीकडच्या कित्येक घरांसारखं आमचं घर गलाईतलं. सोनं-चांदी गाळून शुद्ध करायचं काम घेऊन इथली माणसं पिढ्यान् पिढ्या देशभर पांगलीत. ह्यांचं दुकान गुंटूरला. लेक तिथंच वाढली. घरात मराठी, खाली गल्लीत तेलुगू, शाळेत इंग्रजी गाणी. पाणी मागताना 'नीळ्ळु' म्हणते. गलाईवाल्यांच्या घरात हे नवीन नाही, पण पोरगी तीन भाषांत बोलते आणि एकाही भाषेत अक्षर ओळखत नाही, हे दिसायला लागल्यावर मला झोप येईना. सासरे, म्हणजे आमचे अण्णा, थकलेत. आत्यांचे, म्हणजे सासूबाईंचे, गुडघे गेलेत. शेवटी असं ठरलं की मी लेकीला घेऊन विट्याला राहायचं आणि ह्यांनी दोन महिन्यांतून एकदा यायचं. सोपं नाही, पण ठरवलं.

थोरल्या जाऊबाईंची मुलं इंग्रजी शाळेत जातात. सकाळी पिवळी व्हॅन दारात येते. त्या मला म्हणाल्या, "अगं, आता नगरपालिकेच्या शाळेत कोण घालतंय?" त्यांचा राग नाही, त्यांना काळजी वाटत होती. मी एवढंच म्हणाले की आधी बघून येते.

पहिली शाळा पेठेतली. अण्णांची शाळा. जुनी दगडी जोती, वर कौलं, मधल्या चौकात चिंचेचं झाड. अण्णांनी मला त्यांचा जुना दाखला दाखवला होता. त्यावर 'जिल्हा : दक्षिण सातारा' असं आहे. १९४९ला जुन्या सातारा जिल्ह्यातून आमचा भाग वेगळा निघाला तेव्हा त्याचं नाव ते होतं, १९६०ला सांगली झालं. तो कागद त्यांनी प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलाय. सूनबाई, नात माझ्याच शाळेत जाणार, हे त्यांनी गृहीतच धरलं होतं.

शाळा दिसायला तिघींत देखणी. स्वच्छतागृहांत पाणी, मुलींसाठी वेगळी सोय, कडी व्यवस्थित लागते. २०२१च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या लोकसंख्येच्या शहरांत विटा देशात पहिलं आलं होतं, त्याचा अभिमान इथं भिंतीभिंतीवर दिसतो. सेमीचा वर्ग आहे, मोठा डिजिटल फळा आहे. ऑफिसात शिष्यवृत्तीधारकांच्या नावांचा लाकडी फळा. ती परीक्षा २०१६-१७ला चौथीवरून पाचवीला गेली तेव्हा हा फळा तिथंच थांबला. परिपाठ इतका सुरेख झाला की पसायदानाच्या वेळी माझ्या अंगावर काटा आला.

मग तिसरीचा वर्ग. पट ४१. वर्गाच्या बाई म्हणजे मुख्याध्यापक बाईच. शाळेचा पट १६८ आणि शिकवायला चार जणी, त्यातल्या एक ह्या. शिक्षण हक्क कायदा २००९चा, लागू झाला १ एप्रिल २०१०पासून. त्याच्या शेवटी एक अनुसूची आहे, प्रत्येक पालकानं ती एकदा वाचावी. पहिली ते पाचवीसाठी ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक, ६१ ते ९० तीन, ९१ ते १२० चार, १२१ ते २०० पाच, आणि १५०च्या वर पट गेला की मुख्याध्यापक वेगळा. ह्या हिशेबानं तिथं पाच शिक्षक आणि वर मुख्याध्यापक हवेत. बाई वर्ग घेत होत्या, मध्येच पोषण आहाराच्या तांदळाची नोंद करत होत्या, ऑनलाइन माहिती भरत होत्या. त्यात एक माणूस मतदार यादीचं काहीतरी विचारायला आला. कायद्यानंच जनगणना, आपत्ती आणि निवडणुकीच्या कामांची मुभा ठेवली आहे, त्यामुळं नाही म्हणायची सोय नाही.

पुढच्या दोन रांगांनी माझा कागद खाडखाड वाचला. एक मुलगी म्हणाली, आधी शेळी, डाळ भिजली तर वाळवता येते, शेळी कुत्र्यानं धरली तर काय? मला तिला उचलून घ्यावंसं वाटलं. मधल्या रांगा अडखळत, पण वाचत होत्या. शेवटच्या रांगेत भिंतीकडेला एक मुलगा होता. मी त्याची वही आधी बघितली. सुरेख अक्षर. वेलांटी जिथल्या तिथं. माझ्या पोटात गोळा आला.

कागद त्याच्यापुढं ठेवला. तो 'ढ'वर बोट ठेवून बसला. बराच वेळ. मग माझ्याकडं बघून हसला. माझा भाऊ असाच हसायचा.

बाई मागून आल्या. "वाच की रे," म्हणाल्या. मग मला, "वही तर सगळी पूर्ण असते त्याची." त्यांच्या आवाजात आश्चर्य होतं, ते खरं होतं. त्यांना माहीतच नव्हतं. मार्च चालू होता, तिसरीचं वर्ष संपत आलं होतं. मी त्यांना दोष देत नाही. ४१ पोरं आणि तीन माणसांची कामं एका बाईच्या अंगावर टाकली तर गप्प बसणारं, वही पूर्ण करणारं पोर नजरेतून निसटणारच. पण ते निसटतं, आणि माझ्या घरात एकदा निसटलंय.

मी निघताना त्यांना भावाची गोष्ट सांगितली. त्यांनी ऐकली. बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग त्या मुलाचं नाव टेबलावरच्या डायरीत लिहिलं.

मळ्यातल्या शाळेबद्दल आता थोडक्यात सांगते. थोडक्यात, कारण तिथं खोट काढण्यासारखं मला फारसं सापडलंच नाही. विट्यापासून पाचेक किलोमीटरवर वस्तीवरची जिल्हा परिषदेची द्विशिक्षकी शाळा. पट २७. जमिनीवर ऑइलपेंटनं काढलेल्या चौकटी, बाराखडी, संख्यारेषा. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे, शंभर मण्यांची माळ. साताऱ्याजवळच्या कुमठे बीटमधल्या, म्हणजे तिथल्या गटातल्या, शाळा ह्या पद्धतीसाठी एके काळी इतक्या गाजल्या होत्या की राज्यभरातून शिक्षक बघायला यायचे. इथले गुरुजीही जाऊन आलेले. तिसरीत पाच मुलं, पाचही जणांनी वाचलं, आणि 'आधी डाळ की आधी शेळी' ह्यावरून दोघांची जुंपली. गुरुजी हसत बाजूला उभे.

अडचण तीन गोष्टींची. रोज पाच किलोमीटर ने-आण मी करणार कशी, घरी दोन म्हातारी माणसं. पहिलीत येणारी मुलं तीन, म्हणजे लेकीला खेळायला दोघंच. आणि गुरुजींनी स्वतःहूनच सांगितलं की ह्या उन्हाळ्यात त्यांची बदली व्हायची आहे. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बदल्या जिल्हाभर होतात, नगरपालिकेचे शिक्षक गावातल्या गावातच फिरतात. लहान शाळा बघणाऱ्यानं हे नक्की विचारावं. दोनच शिक्षक असतील तर एक गेला की अर्धी शाळा बदलते. त्यांनी हे सांगितलं नसतं तर मी तिथंच नाव घालून मोकळी झाले असते. त्या खरेपणाबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

आता तिसरी. ही यंत्रमागांच्या वसाहतीला लागून आहे. तिथं जायचं माझ्या मनात नव्हतं. मळ्यातून परत येताना लेकीला तहान लागली आणि शाळेचं फाटक उघडं दिसलं, म्हणून आत गेलो.

आत शिरलं की आधी मागांचा आवाज येतो. दिवसभर खटक-खटक, खटक-खटक. इमारत पत्र्याची, दोन खोल्यांच्या भिंतींवर ओलीचे डाग. मैदान म्हणावं असं काही नाही, एक पिंपळ आणि त्याभोवती पार. पट ७४, शिक्षक तीन, पहिली-दुसरीचा जोडवर्ग. मुलं मागांवर काम करणाऱ्यांची. कुणी कर्नाटकातलं, कुणी उत्तर प्रदेशातलं, कुणी जतकडचं. सणाला घरं गावाकडं जातात आणि पट हलतो. ३० सप्टेंबरच्या पटावर संचमान्यता होते, शिक्षकाचं पद टिकणार का ते त्यावर ठरतं, त्यामुळं त्या महिन्यात शाळेतली सगळी धास्तावलेली असतात. हे मला पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंनी सांगितलं, लेकीला पाणी देता देता.

लेकीनं पाणी पिऊन झाल्यावर सवयीनं "इंका नीळ्ळु" म्हटलं, म्हणजे आणखी पाणी. व्हरांड्यात तिसरीच्या बाई उभ्या होत्या. त्यांनी विचारलं, "काय म्हणाली?" मी सांगितलं. मनात आलं, आता म्हणतील, मराठी बोलायला शिकवा हिला. बाई तिला हात धरून वर्गात घेऊन गेल्या. भिंतीवर एक लांब कागद चिकटवला होता. त्यावर घागरीचं चित्र आणि खाली : पाणी, पानी, नीरु. बाईंनी खाली चौथी ओळ लिहिली : नीळ्ळु. "पोरांनो, हे बघा, नीरुसारखंच आहे की नाही?" मागच्या बाकावरची एक मुलगी उठून उभीच राहिली. कन्नड घरातली. तिनं आमच्या लेकीकडं बघून विचारलं, "घराला काय म्हणतात तुमच्यात?" "इल्लु." "आमच्यात मने." कागदावर आणखी एक ओळ वाढली.

त्या वर्गात १७ मुलं. मी परवानगी काढून माझा कागद पुढं केला. बाई म्हणाल्या, "थांबा, तुम्ही विचारायच्या आधी मी सांगते." टेबलाच्या खणातून एक साधी दोनशे पानी वही काढली. प्रत्येक मुलाला एक पान. वर नाव, खाली तारखा, तारखेपुढं दोन-दोन ओळी. त्यांनी पान उलटत सांगितलं, "हे अकरा जण सगळं वाचतील. हे तिघं वाचतील पण शेळीच्या ओळीत जोडाक्षर असेल तर थांबतील. ही दिवाळीनंतर आली, घरी कन्नड, ती शब्द बोट ठेवून वाचेल, वाक्य तुटेल. हे दोघं काना-मात्रेपर्यंत आलेत."

अगदी तसंच झालं. एकाही पोराच्या बाबतीत त्यांचा अंदाज चुकला नाही.

तो कागद हातात धरून मी बाकावर बसून राहिले. घरून निघाले तेव्हा मला वाटायचं, ज्या शाळेत तिसरीतली सगळी पोरं वाचतात ती शाळा चांगली. मळ्यात पाचच्या पाच वाचत होती. इथं सतरापैकी सहा अडकत होती, पेठेतल्या शाळेत चाळीसातली कदाचित तेवढीच. पण इथं कोण कुठं अडकलंय ते बाईंना पोरानं तोंड उघडायच्या आधी ठाऊक होतं. माझ्या भावाच्या वाट्याला अशी एक वही आली असती तर तो उंबरा त्याला दिसला नसता. शाळेत गेल्यावर आता मी हेच आधी विचारते. बाई, ह्या वर्गात कुणाला वाचता येत नाही, आणि ते तुम्ही कुठं लिहून ठेवलंय?

बाईंना विचारलं, रोज एवढं लिहायला वेळ कुठून काढता? म्हणाल्या, "रोज सगळ्यांचं नाही हो. रोज तिघांचं. आठवड्यात वर्ग पुरा होतो." मधल्या सुट्टीआधी पंधरा मिनिटं बाकीची पोरं चित्रं काढतात, गोष्टीची पुस्तकं चाळतात आणि त्या पाराशी तिघांना घेऊन बसतात. एकेकाला पाच-पाच मिनिटं. एवढंच. कुठलंही यंत्र लागत नाही.

दुपारी पोरांच्या पंगतीत बसून लेक जेवली. मटकीची उसळ आणि भात. पहिली ते पाचवीच्या मुलाला दिवसाला १०० ग्रॅम तांदूळ, ४५० उष्मांक, १२ ग्रॅम प्रथिनं असा हिशेब आहे. ताईंच्या हाताला चव होती आणि त्या प्रत्येकाला नावानं हाक मारून "आणखी घे" म्हणत होत्या. काही पोरांचं सकाळपासूनचं ते पहिलंच जेवण होतं, हे खाण्याच्या वेगावरून कळत होतं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा जाऊबाई म्हणाल्या, "मागांच्या वस्तीत?" आत्या काही बोलल्या नाहीत. अण्णा उठून बाहेर गेले. रात्री जेवताना एवढंच म्हणाले, "माझ्या शाळेत काय कमी पडलं?" मी त्यांना सगळं सांगितलं. चिंचेचं झाड, पसायदान, पुढच्या रांगेतली शेळीवाली मुलगी, आणि भिंतीकडेचा मुलगा. भावाची गोष्ट त्यांना माहीत होती, पण अक्षराचं माहीत नव्हतं. ह्यांनी फोनवर एकच विचारलं, "बाई त्या शाळेत टिकतील का?" मी म्हटलं, नगरपालिकेच्या आहेत, गावातच राहतील, वर्ग मात्र बदलेल. तो धोका मी पत्करलाय. पहिली-दुसरीला वेगळ्या बाई आहेत, त्या जूनमध्ये वही ठेवत नव्हत्या. जुलैपासून ठेवायला लागल्यात. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि निम्म्या बायका असाव्या लागतात. त्यात मी आता आहे. पहिल्याच बैठकीत मी हा विषय घेतला होता, दुसरा विषय गळणाऱ्या पत्र्याचा. वही सुरू झाली. पत्र्यासाठी दोन अर्ज दिलेत आणि पावसात तिसरीचा वर्ग अजून सरकून सरकून बसतो.

लेकीबद्दल इतक्यात काही सांगण्यासारखं नाही. जाते, रडत नाही. 'मने', 'इल्लु', 'घर' असं एका दमात म्हणते. 'म' आणि 'न' ओळखते, 'भ' म्हटलं की 'म' दाखवते. तिच्या पानावर तसंच लिहिलंय, तारखेसह.

अण्णा पंधरा दिवस माझ्याशी तुटकच बोलत होते. मग एका सकाळी चहा घेताना त्यांनी विचारलं, "त्या पोराचं पुढं काय झालं?" कुठल्या, ते मला लगेच कळलं. मला उत्तर देता आलं नाही. ते धोतर सारखं करून, टोपी घालून निघाले आणि थेट पेठेतल्या शाळेत गेले. मुख्याध्यापक बाईंना भेटले. मुलगा आता चौथीत. बाईंनी त्याला पहिल्या रांगेत आणलं होतं, पण वेगळा वेळ द्यायला माणूस नव्हता. आता दर बुधवारी आणि शनिवारी अण्णा चिंचेच्या सावलीत खुर्ची टाकून बसतात. सोबत तो आणि आणखी तिघं. वर्तमानपत्राचे मथळे, दुकानांच्या पाट्या, एसटीच्या बोर्डावरची गावांची नावं. माझा डाळ-शेळीचा कागद त्यांनी मागून नेला.

परवा परत आले, टोपी खुंटीला लावली आणि पाणी पिता पिता म्हणाले, "आता 'ढ'वर अडत नाही. जोडाक्षरं राहिलीत."